पिशवीचा ताप

सकाळी पावणेसहाला धुलाई कारखान्याच्या गेटवर दिवसाची पहिली थप्पड बसली, आणि रांगेतल्या दीडदोनशे माणसांनी समाधानानं माना डोलावल्या. थप्पड शीतलबाबांची होती, कपाळ ट्रकवाल्याचं. आवाज असा निघाला की तारेवरची कबुतरं उडाली. तळवा जरा खाली सरकला असावा, कारण ट्रकवाल्याच्या नाकातून रक्त आलं. तो दोन पावलं मागे कोलमडला आणि तरी हसला.

"दाखव रे," बाबा म्हणाले.

गेटवाल्यानं तापाचं यंत्र ट्रकवाल्याच्या कपाळावर रोखलं. त्या यंत्राला सगळे बंदूकच म्हणत. मघाशी याच बंदुकीनं एकशे एक दाखवून लाल दिवा लावला होता. आता आकडा आला सत्त्याण्णव, आणि दिवा हिरवा.

"गेला!" गर्दी गरजली. ट्रकवाला नाक पुसत आत गेला. चमत्कार म्हणतात तो हा.

बाबांची पद्धत ठरलेली. तांब्यातल्या सुगंधी तीर्थात फडकं बुडवायचं, रोग्याचं कपाळ खसाखसा पुसायचं, ओल्या तळव्यानं फाडकन लगावायची. मग चेला हातपंख्यानं वारा घालायचा आणि गेटवाला बंदूक रोखायचा. मधल्या वेळात बाबांचं तोंड चालूच.

"ताप म्हणजे काय? आग! आग गोळ्या खाऊन विझते का? आगीला गारवा लागतो आणि मार लागतो! माझ्या तांब्यात सात पर्वतांचा बर्फ आहे!"

सात पर्वत कुठले, हे कुणी विचारलं नाही. तोंडावर मास्क असला तर शक्ती आत शिरत नाही, असंही बाबांनी सांगितलं होतं. त्यामुळे दीडदोनशे माणसं उघड्या तोंडानं, खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या मानेवर खोकत उभी होती.

हे सगळे मूर्ख होते असं समजू नका. साथ सुरू झाल्यावर कारखान्यानं नियम काढला होता: हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर घरी, आणि तीनदा लाल लागला तर नाव कमी. त्या दिवसापासून माणसं रोगाला भ्यायची त्याच्या चौपट त्या लाल दिव्याला भ्यायची. दिवा हिरवा झाला की रोग गेला, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी याच कारखान्यात धुवायला यायच्या, तेव्हा रोग रोज गाठोडी बांधून दारात येत होता. पण गाठोड्यावर कुणी बंदूक रोखत नव्हतं.

रांगेत इस्त्रीवाली होती. अठरा वर्षं मोठ्या प्रेसवर काढलेली, कोपरापर्यंत चटक्यांचे डाग असलेली बाई. तिच्या पुढे तिचा धाकटा भाऊ, बॉयलरवाला. आईवडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, नोकरीला लावला. लग्नाचं वय झालेल्या त्या घोड्याचे ती अजून कान उपटायची आणि तोही उपटू द्यायचा. दोन दिवस तो खोकत होता.

"ताई, लाल लागणार गं," तो पुटपुटला. बाबा गेटवर यायच्या आधी दोनदा लागला होता.

"गप्प उभा राहा. बाबा आहेत ना."

बंदुकीनं दाखवलं एकशे दोन. लाल. बाबांनी पुसलं, मारलं, चेल्यानं वारा घातला. सत्त्याण्णव पॉइंट दोन. हिरवा. इस्त्रीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाबांचे पाय धरले तेव्हा तांब्यातले चार थेंब तिच्या हातावर उडाले. गार, अगदी बोचरे गार.

तेवढ्यात आरोग्य केंद्राची नर्सबाई गर्दीत घुसली. तोंडावर मास्क, खांद्याला पिशवी. आठवडाभर ती गेटवर यायची आणि हाकलली जायची. आज तिनं सरळ बॉयलरवाल्याचं मनगट पकडलं.

"याला आत सोडू नका! किती वेळ बघतेय मी. मिनिटाला तीस वेळा श्वास घेतोय हा. बंदूक काहीही दाखवू दे, याला हॉस्पिटलच्या गाडीत घाला!"

गाडीत घाला म्हणताच गर्दी मागे सरली. गाडीत घातलेली माणसं कशी परत आली होती, ते त्यांनी पाहिलं होतं. घडी विभागातल्या मावशींनाही बाबांनी बरं केलं होतं. त्या तीन दिवस हिरव्या दिव्यानं आत गेल्या, चौथ्या दिवशी टेबलापाशी कोसळल्या आणि गाडीतून गेल्या त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच आल्या. "श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले होते. मेलेलं माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे ते पटलं.

"सोडा त्याला," इस्त्रीवाली म्हणाली.

"बाई, तुमचा भाऊ आहे ना हा? मरेल तो."

मरेल हा शब्द ऐकला आणि इस्त्रीवालीच्या डोक्यात काहीतरी तुटलं. तिच्या हातात जेवणाचा डबा होता, स्टीलचा, तीन पुडांचा. तो तिनं सगळ्या ताकदीनं नर्सबाईच्या मनगटावर हाणला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

तिनं फक्त सुरुवात केली, बाकीचं गर्दीनं केलं. कुणी नर्सबाईचे केस धरले, कुणी कमरेत लाथ घातली. आठवडाभर साठलेली भीती लोकांनी त्या एका बाईवर काढली. "आमची माणसं नेते! सडवते!" ती गुडघ्यांवर पडली, मोडलेला हात पोटाशी धरून. चपला, दगड, गटारातला चिखल, जे हाताला लागेल ते तिच्यावर पडत होतं. बाबा शांतपणे तांब्याला फडकं गुंडाळत उभे होते. शेवटी गेटवाला मध्ये पडला आणि त्यानं तिला ओढत रस्त्याच्या पलीकडे नेलं.

रस्त्यावर पिशवीतलं सामान विखुरलं होतं. एक निळी नळी घरंगळत इस्त्रीवालीच्या पायाशी आली. आत काचेचा थर्मामीटर, न फुटलेला. तिनं तो उचलून कमरेला खोचला. का उचलला, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग भोंगा वाजला आणि सगळे कामाला गेले.

दुपारपर्यंत तिचे हात प्रेसवर चालले, पण कानात तो मोडण्याचा आवाज होता. आपण माणसाला मारलं, हे तिला प्रत्येक चादरीगणिक आठवत होतं. भावासाठी मारलं, असं ती मनाला सांगत होती, आणि मन ऐकत नव्हतं.

एकच्या सुमाराला एका चादरीवर शाईचा डाग निघाला. डाग काढायचं टेबल तिच्या शेजारीच. तिथली म्हातारी डागवाली निळा डबा उपडा करून दाखवत होती.

"बघ, स्पिरिट संपलं. रोज पहाटे मॅनेजरसाहेब अर्धा डबा नेतात, आणि बोलणी मी खाते. परवा गुलाबाच्या अत्तराची बाटलीही मागितली. या वयात कुणाला भेटायला जातात कोण जाणे!"

तळाशी राहिलेलं थोडं तिनं इस्त्रीवालीच्या बोळ्यावर ओतलं. दोन थेंब हातावर पडले. गार. अगदी बोचरे गार.

इस्त्रीवाली त्या हाताकडे बघत राहिली. अठरा वर्षं तिच्या हातावर स्पिरिट सांडत होतं. ते सांडतं, उडून जातं आणि उडताना कातडीची ऊब घेऊन जातं, हे तिला शाळेत न जाता ठाऊक होतं. तिनं हात नाकाशी नेला. यात गुलाब मिसळला तर?

"ताई!" कुणीतरी दारातून ओरडलं. "तुझा भाऊ पडला!"

बॉयलरच्या खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळसर. तिला बघून म्हणाला, "आई, दार लाव, थंडी येतेय." बाहेरच्या लोखंडी पायरीवर भाकरी भाजता आली असती, इतकी ती खोली तापलेली. तिनं दोघांना हाक मारून त्याला मोकळ्या हवेत आणला. मग कमरेचा थर्मामीटर काढला, झटकला, त्याच्या काखेत दाबून धरला आणि मनात शंभरापर्यंत दोनदा मोजलं.

एकशे चार.

मोडकाच असेल, असं तिला वाटलं. तसंच निघावं, अशी तिची इच्छाही होती. तिनं तो पुसून, झटकून स्वतःच्या काखेत धरला. साडेअठ्ठ्याण्णव. काच खोटं बोलत नव्हती. मग सकाळी खोटं कोण बोललं?

"साहेब, गाडी द्या, हॉस्पिटलात न्यायचंय," ती मॅनेजरला म्हणाली.

मॅनेजर चार हात लांब उभा होता. या माणसाच्या तोंडावर मात्र दोन-दोन मास्क होते. "हॉस्पिटल कशाला? दोनची पाळी भरतेय, बाबा गेटवरच आहेत. एक थप्पड बसली की ठीक होईल. आज शेवटचा ट्रक भरायचाय."

गेट एकच. दोन वाजता सुटणारी पाळी आत, येणारी पाळी बाहेर, मध्ये बाबा. तिथून रोगी बाहेर न्यायचा तर गर्दी सोडणार नाही, हे तिला कळून चुकलं. सकाळी तीच त्या गर्दीत होती. ओरडून रडून उपयोग नव्हता. भाऊ बाहेर काढायचा तर आधी तो चमत्कार मोडायला हवा होता, आणि तोही लोकांच्या डोळ्यांदेखत.

घडी विभागात खिळ्याला एक रबरी पिशवी लटकत होती, गरम पाण्यानं कंबर शेकायची. गेलेल्या मावशींची. तिला हात लावायला कुणी धजत नव्हतं. इस्त्रीवालीनं ती काढली, बॉयलरच्या नळाचं पाणी भरलं, गार पाणी घालत घालत कोपराला सोसेल इतपत केलं. थर्मामीटर बुडवून पाहिला. एकशे सहा. बूच लावलं. मग चादरींच्या ढकलगाडीवर भावाला निजवलं, डागवालीला त्याच्या उशाशी उभं केलं आणि गाडी ढकलत गेटवर आली.

"आला, आला, पुन्हा पेटला वाटतं!" बाबांनी हात झटकले. "आण इकडे."

"त्याला नंतर. आधी हिचा ताप उतरवा," असं म्हणून तिनं पिशवी पुढे धरली.

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "भावाच्या काळजीनं डोकं फिरलं बाईचं."

"फिरलंय. म्हणूनच म्हणते, फिरलेल्या बाईची एवढी समजूत काढा. गेटवाले, रोखा बंदूक."

गेटवाला चाकोरीतला माणूस. वीस वर्षं गेटवर काढलेला. "मी काय, आकडा वाचतो," म्हणत त्यानं बंदूक रोखली. "एकशे तीन. लाल."

बाबा काही बोलायच्या आत तिनं तांब्यातलं फडकं उचललं, चांगलं निथळतं, आणि पिशवी खसाखसा पुसली. मग सकाळच्याच थाटात तिला फाडकन एक लगावली. चेल्याचा हात सवयीनं हलायला लागला आणि त्यानं मन लावून पिशवीला वारा घातला. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी जागीच थिजला असता, पण चेला आपल्या कामात.

"वाचा."

गेटवाल्यानं रोखली. थांबला. पुन्हा रोखली.

"सत्त्याण्णव," तो म्हणाला. "हिरवा."

मागचे टाचा उंचावून पुढे बघू लागले.

"बरी झाली पिशवी!" इस्त्रीवाली ओरडली. "उद्यापासून कामावर घ्या हिला!" तिनं बूच काढलं. "बाबा, ताप उतरलाय, आता हे पाणी गार असणार. थर्मामीटर आत सोडते, तुम्हीच वाचा."

बाबा मागे सरले. "निर्जीव वस्तूवर प्रयोग करणं पाप आहे! पिशवीतसुद्धा एक सूक्ष्म..."

"सूक्ष्म काय?" मागून ट्रकवाल्यानं विचारलं. त्याच्या नाकाखाली सकाळचं रक्त वाळलं होतं.

इस्त्रीवालीनं थर्मामीटर झटकला, सगळ्यांना पारा खाली गेलेला दाखवला, पिशवीत बुडवला आणि गेटवाल्याच्या हातात दिला.

"एकशे पाच पॉइंट सहा," गेटवाल्यानं वाचलं. एवढे दिवस हिरवा म्हणून आत सोडलेली माणसं त्याला आठवत असावीत. त्यानं ओलं फडकं स्वतःच्या कपाळावर फिरवलं आणि बंदूक स्वतःवर रोखली. यंत्रानं आकडाच दिला नाही; इतका गार माणूस त्याच्या हिशेबात बसत नव्हता.

"स्पिरिट आहे ते," इस्त्रीवाली म्हणाली. "आपल्याच डाग काढायच्या टेबलावरचं, वर गुलाबाचं अत्तर. ते उडतं तेव्हा वरची कातडी गार पडते, आणि बंदूक वरची कातडीच बघते. आतला ताप आतच. विचारा या आजींना, डबा रोज पहाटे कोण नेतं."

"मॅनेजरसाहेब," डागवाली म्हणाली. "अत्तरही. माणसं घरी गेली तर त्यांचे ट्रक कोण भरणार!"

पुढच्या क्षणी तांब्या हवेत उडाला. ट्रकवाल्यानं बाबांच्या नाकावर जी मूठ हाणली, तीत सकाळची सगळी परतफेड होती. बाबा पडले. लाथा सुरू झाल्या. कुणी दाढी धरून ओढत होतं, कुणी विटेचा तुकडा उचलला होता. "माझी बायको बरी झाली म्हणालास तू!" एक जण रडत रडत मारत होता. मॅनेजर केबिनमध्ये पळाला तेव्हा पाठोपाठ दगड गेले आणि काचा खळाखळा फुटल्या. चेला पंखा टाकून केव्हाच पसार झाला होता.

आणि ढकलगाडी होती तिथेच. मारणाऱ्यांनी गेट अडवलं होतं. गाडीवर धाकटा तोंड उघडं टाकून हवा ओढत होता.

"रस्ता द्या!" इस्त्रीवाली किंचाळली. कुणी ऐकेना. तेव्हा ती त्या लाथांच्या मधोमध घुसली आणि बाबांच्या अंगावर आडवी झाली. एक लाथ तिच्या बरगडीत बसली. विटेचा तुकडा उचललेला हात वरच थांबला.

"सकाळी पहिला डबा मी मारला!" ती ओरडली. "खरं सांगणाऱ्या बाईचा हात मोडला मी! मारून काय मिळालं? ताप एका डिग्रीनं उतरला का? याला पोलीस बघतील. माझा भाऊ मरतोय. मारायचंय की माणूस वाचवायचाय, एकदा ठरवा!"

विटेचा तुकडा खाली पडला. मघाशी रडत मारणाऱ्या माणसानंच गेटचं दुसरं दार ढकललं. ट्रकवाल्यानं चादरींची गाठोडी खाली फेकली, ट्रक मोकळा केला आणि मळकं फडकं नाकातोंडावर बांधलं. त्याला बघून बाकीच्यांनीही तोंडं बांधली. गेटवाला मध्ये उभा राहून सगळ्यांना एकमेकांपासून लांब सारत होता.

धाकटा अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. आणखी सहा तास उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या आठवड्यात कारखान्यातल्या एकोणतीस जणांना ताप निघाला. चार जण गेले. ट्रकवाला त्यातला एक.

बाराव्या दिवशी इस्त्रीवाली मास्क लावून आरोग्य केंद्रात गेली. नर्सबाई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून दुसऱ्या हातानं नोंदी करत होती. इस्त्रीवालीनं निळी नळी टेबलावर ठेवली.

"तुमचा आहे. मी..." ती त्या प्लास्टरकडे बघत राहिली.

"डबा तुमचा होता," नर्सबाई म्हणाली. "बघितलं होतं मी. तीन पुडांचा."

"पायावर डोकं ठेवते तुमच्या."

"नको. पायांशी फार वाकलात तुम्ही लोक. बसा त्या खिडकीपाशी. भाऊ कसाय?"

"काल स्वतःच्या हातानं जेवला. आता तो वाचला, बाई, आता मला काही..." ती बोलता बोलता खोकली.

नर्सबाईनं मान वर केली. बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि थर्मामीटर पुसला. त्या वासानं इस्त्रीवाली दचकली.

"घाबरू नका. काच पुसायला हे लागतंच. काखेत धरा. हलायचं नाही."

भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं झाली. नर्सबाईनं थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरला.

"एकशे एक."

अकरा दिवस इस्त्रीवालीनं जे बघितलं होतं, ते सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. "म्हणजे मी पण?"

"तपासून कळेल. पण आज कळतंय, पहिल्या दिवशी. भावाचं कळायला किती उशीर झाला, आठवा. घरी वेगळ्या खोलीत राहा, खिडकी उघडी ठेवा. पाणी भरपूर प्या, पोटभर जेवा, झोपा. दिवसातून चारदा ताप मोजून लिहायचा. दम लागला तर एक तासही थांबायचं नाही, लगेच मला कळवायचं. बहुतेक माणसं बरी होतात हो यातून. वेळेवर कळलेली तर नक्कीच जास्त. आणि कुणी चमत्कार दाखवायला आला, तर त्याला आधी पिशवीवर करून दाखवायला सांगा."

इस्त्रीवाली मास्कच्या आत हसली आणि तिला रडूही आलं. नर्सबाईनं थर्मामीटर पुन्हा पुसला, नळीत घातला आणि तिच्या पुढे सरकवला.

"हा तुमच्याकडेच राहू द्या."

दारापाशी जाऊन इस्त्रीवाली थांबली. "बाई, कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवली तर चालेल का? डोकं फार ठणकतंय."

"ठेवा की. बरं वाटेल," नर्सबाई म्हणाली. "आकडा मात्र काखेतलाच लिहा."